नऊ किलोची पोर

या, असे जवळ बसा. एक गोष्ट सांगतो. हसायला येईल अशी नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आणि हिच्यात राक्षस-बिक्षस कोणी नाही. सगळी तुमच्याआमच्यासारखी माणसं, पोराबाळांवर जीव टाकणारी. तरीपण एक पोर गेली. कशी गेली ते ऐका.

साल एक्क्याण्णव. डोंबिवलीला पश्चिमेकडे, खाडीच्या अंगाला जो कोळीवाडा आहे ना, तिथं दगडाबाई राहायची. तिच्या आईची आधीची चार पोरं गेलेली, म्हणून हिचं नाव दगडाबाई ठेवलेलं. यमानं बघितलं तरी दगड समजून पुढं जावं. आणि गेला बरं का तो पुढं. बाई टणटणीत. धक्क्यावरून मासळी आणायची, बाजारात बसायची, आवाज असा की गिऱ्हाईक भाव करायच्या आधीच दबकायचं. नवरा गोमाजी कधीच गेलेला. मुलगा धाकू आधी खाडीत जायचा, पण खाडीत मासळीपेक्षा फेस जास्त यायला लागला, तसा तो एका केमिकलच्या कंपनीत हेल्पर म्हणून लागला. सून सगुणा. तिला दोन मुली. मोठी जनी चार वर्षांची, धाकटी मंजुळा दीड वर्षाची. आणि सगुणाला पुन्हा तिसरा महिना लागलेला.

नवरात्र सरलेलं. दगडाबाई दुपारी रिकामी पाटी घेऊन घरी आली, पाय धुतले, उंबऱ्यात टेकली. तेवढ्यात शालन आली. चोवीस-पंचवीसची पोरगी, स्टेशनजवळच्या चाळीतली. देवळाच्या पडवीत सरकारची नवी अंगणवाडी सुरू झालेली, तिची ती बाई. काखेत रजिस्टर, पायात झिजलेली चप्पल.

"मावशी, नावं लिहून घेते. गरोदर बाईला, लहान पोरांना सुकडी मिळते, गोळ्या मिळतात. घरात कोणी गरोदर आहे का?"

"नाय," दगडाबाई म्हणाली.

सगुणा मागच्या दारी भांडी घासत होती. तिचा हात थांबला.

"सहा वर्षांच्या आतलं मूल?"

"एक हाय. जनी. ती बघ भायेर, चिखलान लोळतंय."

तेवढ्यात आतून रडणं आलं. बारीक, चिरकं.

"आत कोण रडतंय?"

"मांजर हाय," दगडाबाई म्हणाली. "व्यायलीय."

शालननं जनीचं नाव लिहिलं आणि पुढच्या घरी गेली.

आता तुम्ही म्हणाल, काय ही बाई! पण तिचं ऐका. पोटातलं पोर सातव्या महिन्यात ओटी भरेपर्यंत कोणाला सांगायचं नाही, नजर लागते, हे तिला तिच्या सासूनं शिकवलेलं. आणि मंजुळा? मंजुळाला बाहेर दाखवायची तिला लाज वाटायची. हातापायाच्या काड्या, पोट पुढं, केस भुरे. सगुणाला दिवस गेले तसं दूध आटलेलं, आणि वरचं म्हणून पोरीला पेजेचं पाणी. घरची रीतच तशी. आधी धाकू जेवणार, मग दगडाबाई, कारण ती कमावती. माशाच्या तुकड्या तिथंच संपायच्या. मग जनी. शेवटी सगुणा टोपात भात टाकून राहिलेलं कालवण पुसून खायची, त्यातलं दोन बोटं मंजुळाच्या तोंडात. कोणी उपाशी ठेवत होतं असं नाही. फक्त तिच्यापर्यंत काही पोचायचं नाही.

संध्याकाळी सगुणा म्हणाली, "आये, मंजीचा नाव लिवला असता तर..."

"तर काय? गावान दवंडी, दगडाबाईचे घरान पोर उपाशी हाय! मी डोंबिवलीला सुरमई इकतंय आनि माजी नात सरकारची सुकडी खाल?"

"पोर सुकलीय ना पन."

"पोरीची जात. पावसाचे गवतावानी वाढतान. माज्या आवडाला काय खायला घातलेला? आज बघ तिना."

आवडा म्हणजे दगडाबाईची लेक. ठाण्याला कोपरीला दिलेली. दिवाळीला ती माहेरी आली, कडेवर चौदा महिन्यांचा नामा. काय पोर होतं! गाल असे की डोळे आत गेलेले, मनगटाला वळ्या. दगडाबाई त्याला हातातून खाली ठेवीना. आणि आवडाच बोलली, "आये, आमच्याकडं सगली घेतान सुकडी. तुमी कनचे लाट सायेब? भाजलेली कनिक नि गूल. मी पन खातंय चोरून." धाकूही म्हणाला, फुकट आहे तर लिव की नाव. दगडाबाई जरा नरमली. चार घरच्या पोरी वाट्या घेऊन देवळाकडं जाताना ती रोज बघत होतीच.

गेली बिचारी. शालनला म्हणाली, "एक नाव ऱ्हायला व्हता. मंजुळा."

शालन हसली. "मावशी, मांजरीचं बारसं केलंत वाटतं?"

सगळ्या बायका हसल्या. दगडाबाईपण हसली, पण कानशिलं तापली तिची.

"येत्या सोमवारी तुमच्या आळीचं वजन आहे," शालन म्हणाली. "तिला घेऊन या. वजन केल्याशिवाय कार्ड होत नाही."

सोमवारच्या आधी दगडाबाई एकदा बघून आली, वजन कसं करतात ते. पडवीच्या वाशाला तो काटा टांगलेला. गोल तबकडी, खाली लोखंडी आकडा, आकड्याला कापडाची झोळी, झोळीला दोन भोकं, त्यातून पोराचे पाय बाहेर. पोर लटकतंय, रडतंय, आणि बायका गोल करून बघतायत. शालन आकडा मोठ्यानं सांगायची, तिची मदतनीस लिहायची. "सात किलो दोनशे!" की लगेच कुजबुज.

दगडाबाई दोन पावलं मागं सरकली. उभा जन्म तिनं आकड्याला काय टांगलेलं बघितलं होतं? घोळ मासा. मेलेला. आणि गिऱ्हाईक भोवती उभं राहून म्हणतंय, हलकी आहे, शिळी आहे, नको. जिता जीव आकड्याला टांगायचा? आणि टांगून वर त्याची किंमत चारचौघांत सांगायची? तिच्या डोळ्यांसमोर मंजुळा आली, त्या झोळीत, काड्या बाहेर काढून. आणि तिचा आकडा ऐकून बाजारातल्या तिच्या सोबतिणी तोंडाला पदर लावतायत.

सोमवारी सकाळी तिनं जे केलं ते डोकं शांत ठेवून केलं. तीच तर खरी गोष्ट आहे.

मंजुळाचा फ्रॉक घेतला. तो नामाला घातला. शिवण उसवायला आलेली, तरी बसवला. डोळ्यांत काजळ, कपाळाला टिकली, केसांना रिबीन.

आवडा खो खो हसायला लागली. "आये, काय गो! माज्या बाल्याची बाली केलीस?"

"गप. कोनाला सांगू नको. नजर नको लागायला म्हनून."

सगुणा दाराशी उभी होती, मंजुळा कडेवर. ती बोलली नाही असं नाही. म्हणाली, "आये, ही हाय ना मंजी. हिना ने ना."

"तुना अक्कल हाय? लोकं दात काढतील. सुकडी तर घरान येईल ना? पोर कंची टांगली त्यान काय फरक पडतंय?"

फरक काय पडतो ते दगडाबाईला तेव्हा माहीत नव्हतं. शपथेवर सांगतो, नव्हतं.

पडवीत त्या दिवशी साठ पोरं. कल्लोळ. शालन घामाघूम. नामाला झोळीत घातला, तबकडीचा काटा फिरला.

"नऊ किलो चारशे! वा! मावशी, नात बघा कशी आहे! काय खायला घालता?"

"मासळी," दगडाबाई म्हणाली. छाती पुढं काढून म्हणाली.

शालननं कार्डावर ठिपका दिला, वरच्या पट्ट्यात, हिरव्यात. नाव: मंजुळा धाकू. आणि म्हणाली, "हिला साधा वाटा पुरे. खालच्या पट्ट्यातल्या पोरांना दुप्पट देतोय आम्ही, आणि त्यांना डॉक्टर तपासणार आहेत."

दगडाबाईनं ते ऐकलं. कानांनी ऐकलं. पण पाऊल घराकडं वळलेलं होतं, आणि मागून बायका म्हणत होत्या, दगडाबाईची नात गुटगुटीत हो.

साधा वाटा घरी आला. धाकूनं चहासोबत मूठभर खाल्ला, जनीनं खाल्ला, दगडाबाईनं चव बघितली. उरलेला सगुणानं पाण्यात कालवून मंजुळाला चाटवला. रोजचं तेच. दिवाळी झाली, आवडा नामाला घेऊन कोपरीला गेली.

मार्गशीर्षात डॉक्टर आले. जीप देवळापुढं लागली. शालन यादी घेऊन आळीत फिरत होती, अशक्त पोरांची नावं पुकारत. सतरा नावं होती. मंजुळाचं नव्हतं. असणार कसं?

सगुणानं पोरीला फडक्यात गुंडाळलं आणि दाराबाहेर पाय टाकला. मंजुळाला आठवड्यापासून पातळ होत होतं, मान धरत नव्हती.

दगडाबाई आडवी आली. "कय चाललीस?"

"डाक्टरला दाखवतंय."

"काय सांगशील? नऊ किलोची पोर ही? कागदाव लिवलाय त्यांनी. इचारतील, मंग ती कोन व्हती? माज्या तोंडाला काला फासशील?"

"आये, पोर मरंल."

"शुभ बोल नाऱ्या! ओव्याचा पानी दे. बरी व्हईल."

सगुणा उंबऱ्यात उभी राहिली. जीप वळली, गेली. तिच्या पोटात एक, कडेवर एक. नवऱ्याला सांगावं तर तो आईपुढं मान वर करणारा नव्हता. ती परत आत गेली. आयुष्यभर तिला ती चार पावलं टोचली, पण तिची वाट कोणी अडवली हे विसरू नका.

पुढच्या दोन वजनांना दगडाबाईनं सांगितलं, पोर मामाकडं गेलीय. शालननं विचार केला, मागच्या वेळी छान होती, एखाददुसरं वजन राहिलं तर काय बिघडलं. तिच्याकडं दुसरी सतरा पोरं होती काळजीची. तिनंही सोडून दिलं.

माघात मंजुळाला गोवर निघाला. आधीच अंगात काही नाही, वर हगवण. तिसऱ्या दिवशी धाकूच घाबरला, रिक्षा आणली. मोठ्या दवाखान्यात नेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कार्ड मागितलं. सगुणानं पिशवीतून काढून दिलं.

डॉक्टरीणबाईंनी कार्ड बघितलं, पोर बघितली, पोर काट्यावर ठेवली, परत कार्ड बघितलं.

"पाच किलो आठशे. इथं दिवाळीला नऊ चारशे लिहिलंय. तीन महिन्यांत साडेतीन किलो? मधे काय झालं होतं हिला? टायफॉइड? काय?"

धाकूला खरंच माहीत नव्हतं. सगुणानं सासूकडं बघितलं. नुसतं बघितलं हो. दगडाबाईनं खिडकीतून बाहेर नजर लावली. बाहेर भिंत होती.

"अहो आजी, मी विचारतेय!"

"काय म्हाईत," दगडाबाई म्हणाली. "देवाची करनी."

दुसऱ्या दिवशी दुपारी मंजुळा गेली. डॉक्टरीणबाई धाकूच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "हे दोन-चार दिवसांचं नाही. हे पोर महिनोन्महिने उपाशी आहे. दोन महिने आधी आणलं असतंत ना, तर गोवर सोसला असता तिनं."

इथं गोष्ट संपली असती तर मी तुम्हाला बसवून घेतलं नसतं. पुढचं ऐका.

दहावं-तेरावं झालं आणि कोळीवाड्यात बोलणं सुरू झालं. नऊ किलोची पोर सुकडी खाऊन मेली! तीन महिने सुकडी खाल्ली आणि झडत झडत गेली! धाकू दारू पिऊन देवळाच्या पडवीत गेला, सुकडीचं पोतं गटारात ओतलं, शालनला म्हणाला, "तुमीच मारलीत माजी पोर!" बायका पोरांना हाताला धरून घरी न्यायला लागल्या. आठवड्यात पडवी ओस. ती सतरा पोरं, दुप्पट वाटा खाऊन जरा कुठं बाळसं धरत होती, ती घरी बसली. शालनला वरून कागद आला, हिरव्या पट्ट्यातली पोर मेली कशी, खुलासा करा, नाहीतर काम बंद.

दगडाबाई रोज बाजारात बसायची. बायका येऊन सांत्वन करायच्या. "बरा झाला तुमी सुकडीचा उघडा पाडलात, आमची पोरा वाचली." ती मान हलवायची. मासा कापताना दोनदा बोट कापून घेतलं तिनं. घरी आली की जेवण जाईना. तुकडी तोंडाजवळ न्यायची, ठेवून द्यायची. एकदा तुकडी उचलून सगुणाच्या ताटात घातली. सगुणानं ती उचलून परत टोपात टाकली. त्या घरात दोन बायकांना खरं काय ते माहीत होतं, आणि दोघी एका चुलीपाशी बसत होत्या.

मग एका सकाळी सगुणानं पातळ नेसलं, जनीचा हात धरला.

"कय?" दगडाबाईनं विचारलं.

"नाव लिवायला. माजा. सातवा सरत आला."

"ओटी भरली नाय अजून. नि लोकं काय म्हनतील? ज्यांचे सुकडीन पोर मेली..."

"सुकडीन नाय मेली, आये." सगुणा पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत बघून बोलली. "तुमाना म्हाईत हाय. मना पन म्हाईत हाय. मी तवा परत आत आयली. आता नाय येनार. मना मारा, घराभायेर काढा. मी जातंय."

आणि गेली. पोट पुढं, पाय सुजलेले, भर आळीतून.

दगडाबाई उंबऱ्यात बसून राहिली. मग उठली आणि निघाली. पदर डोक्यावर घ्यायचं विसरली.

पडवीत त्या दिवशी वरच्या ऑफिसातली बाई चौकशीला आलेली. म्हणून गावातल्या वीसेक बायका जमलेल्या, तमाशा बघायला. शालन कोपऱ्यात, डोळे सुजलेले. सगुणा पुढं उभी.

"नाव?" ऑफिसातली बाई विचारत होती.

"सगुणा."

"नवऱ्याचं नाव?"

आमच्याकडं बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, शेजारीण सांगते. कोणी शेजारीण तोंड उघडेना. सगुणाच म्हणाली, "धाकू गोमाजी. लिवा."

"अगो, लाज हाय का?" मागून कोणीतरी बोललं. "पोर खाल्ली यांनी तुजी!"

"यांनी नाय," दगडाबाईचा आवाज आला. बाजारातला तो आवाज नव्हता, पण सगळ्यांनी ऐकला. "मी खाल्ली."

बायका वळल्या.

"काट्याला मंजी नव्हतीच. माजे लेकीचा पोर व्हता. फ्राक घालून मी आनला. मंजी घरान व्हती, काटकी झालेली. मना तिची लाज वाटली. डाक्टर दारात आयलेला तवा मी हिना आडवली. दवाखान्यात इचारला तवा पन मी गप बसली. ह्या शालनबायची काय चूक नाय. सुकडीची नाय. तुमची पोरा घरान ठेवू नका माज्या पापापायी."

एवढं बोलून ती तिथंच फरशीवर बसली.

एक म्हातारी थुंकली आणि निघून गेली. एकीनं शिवी हासडली. दगडाबाईनं मान वर केली नाही, ती त्यासाठीच आलेली. शालन तेवढी रडत म्हणाली, "मीपण बघायला पाहिजे होतं, मावशी. फ्रॉक बघितला मी, पोर नाही बघितलं. दोन महिने आली नाही तर घरी यायला पाहिजे होतं."

ऑफिसातल्या बाईनं सगळं लिहून घेतलं, दगडाबाईचा अंगठा घेतला. शालनचं काम टिकलं. दुसऱ्या दिवशी नऊ पोरं परत आली, आठवड्यानं बाकीची. धाकूनं आईशी बोलणं टाकलं, वर्षभर.

सगुणा तिथं रोज जायची, पडवीतच बसून स्वतःचा वाटा खायची, घरी आणायची नाही. चैत्रात बाळंत झाली. मुलगी. सव्वादोन किलो, पण ओरडणारी. जेवायची रीत तिनं स्वतः बदलली, कोणाला न विचारता. पहिलं ताट पोरींचं, दुसरं तिचं. दगडाबाई शेवटी बसायला लागली. तिला कोणी सांगितलं नव्हतं.

सगुणानं सासूला माफ केलं का? नाही. पाणी द्यायची, औषध द्यायची, पण माफ नाही केलं. आणि दगडाबाईनं माफी कधी मागितलीही नाही. ती बाजारातून आली की पाटी ठेवायची आणि शालनच्या सोबत आळीआळीनं फिरायची, पार पलीकडच्या मिठागरापर्यंत. कोण कुठं पोर लपवतंय हे तिला दारातूनच कळायचं. लपवणाऱ्याला लपवणारा ओळखतो. एखादी बाई म्हणाली, आमचं धडधाकट आहे, की ही म्हणायची, "माजी पन नऊ किलोची व्हती, बाय," आणि सरळ आत जाऊन पोर उचलून आणायची. शिव्या खायची. पोर आणायची.

पुष्कळ पोरं आणली तिनं. हिशेब कोणी ठेवला नाही, आणि ठेवला असता तरी गेलेली एक पोर त्यानं भरून निघत नव्हती. ते तिला ठाऊक होतं.

झाली गोष्ट. आता तुमच्याकडं एक मागणं आहे. मोठं काही नाही. घरात बायकांनी आधी जेवावं असं सांगितलं तर तुम्ही मान हलवाल आणि विसराल, म्हणून ते नाही मागत. एवढंच करा. तुमच्या आळीत, तुमच्या मजल्यावर एखादं घर असेल, जिथं पाहुणा आला की एक पोर आत नेतात. कुठलं घर ते तुम्हाला माहीत आहे, मघापासून आठवतंय तुम्हाला. उद्या सकाळी त्या घरी जा. त्या पोराच्या आईला विचारा, नाव लिहिलंस का गं. ती सासूकडं बघून गप्प राहिली, तर तुम्ही परत फिरू नका. तिला म्हणा, चल, पोराला घे, मी येतो सोबत.